गुणाकार येतो, बेरीज येते, तरी शाब्दिक उदाहरण चुकतं: तपासायला सुरुवात कुठून करायची

तिसरी-चौथीच्या मुलांना गणित शिकवते त्याला आता बरीच वर्षं झाली आणि दर वर्षी आईबाबा एकच तक्रार घेऊन येतात, की पाढे पाठ आहेत, उभा गुणाकार जमतो, बेरीज चुकत नाही, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की पोर अर्धं वाक्य वाचतं आणि विचारतं "यात गुणायचं का मिळवायचं?" हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता चुकलेलं उत्तर बघितलं की बहुतेक वेळा कळतं गडबड नेमकी कुठल्या पायरीवर झाली. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

बोलण्यासाठी एकच उदाहरण धरू. एका खोक्यात २४ पेन्सिली आहेत, अशी ६ खोकी आहेत आणि शिवाय १५ पेन्सिली सुट्ट्या आहेत, तर एकूण पेन्सिली किती? बरोबर उत्तर १५९. आधी २४ × ६ = १४४, मग १४४ + १५ = १५९.

लक्षणं

आता मुलाच्या वहीत काय आलंय ते बघा.

४५ आलं असेल तर त्याने दिसले ते सगळे आकडे मिळवून टाकले. २१६० आलं तर सगळे गुणले. ही दोन्ही एकाच आजाराची लक्षणं, गोष्ट वाचलीच नाही, फक्त आकडे उचलले.

१४४ आलं तर अर्ध्यात थांबला. हे सगळ्यात जास्त दिसतं आणि हुशार, भरभर करणाऱ्या मुलांत तर फारच.

५०४ आलं तर आधी ६ आणि १५ मिळवून २१ केले आणि मग २४ ने गुणलं, म्हणजे सुट्ट्या पेन्सिलींची त्याने खोकी करून टाकली.

११४ किंवा ३६६ आलं तर गुणायचं आणि मिळवायचं हे दोन्ही कळलंय पण जोडी चुकली. पहिल्यात ६ × १५ करून २४ मिळवले, दुसऱ्यात २४ × १५ करून ६.

१३९ म्हणजे रीत शंभर टक्के बरोबर, फक्त गुणाकारात हातचा २ विसरला. १२३९ म्हणजे हातचा घेतलाच नाही, २४ च्या डाव्या बाजूला १२ चिकटवून १२२४ केले. आणि २९४ म्हणजे बेरीज मांडताना १५ एक घर डावीकडे सरकले, १५ चे १५० झाले.

याशिवाय दोन लक्षणं वहीत दिसत नाहीत. एक म्हणजे मूल उदाहरण न वाचता तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, आणि दुसरं म्हणजे उत्तर बरोबर असतं पण "हे १४४ कशाचे?" विचारलं तर गप्प होतं. दुसऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही कारण उत्तर बरोबर आलंय ना, पण तीन पायऱ्यांचं उदाहरण आलं की हेच मूल अडकणार.

एक विनंती, चुकलेलं उत्तर खोडरबरने पुसू देऊ नका. त्यावर एक रेघ मारा आणि खाली नवीन करायला सांगा. तपासायचं काय ते त्या चुकीतच असतं.

आधी अगदी फुकटच्या दोन तपासण्या

पहिली दहा सेकंदांची. आकडे बरोबर उतरवलेत का बघा. हसू नका, खूप वेळा एवढंच असतं. मराठीत आपण चोवीस म्हणतो तेव्हा चार आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, म्हणून ऐकून लिहिणारं मूल सरळ ४२ लिहून मोकळं होतं. एकोणसाठ आणि एकोणसत्तरचा घोळ तर विचारूच नका, ५९ ला ६९ लिहिणारी मुलं मी दर वर्षी बघते कारण साठ ऐकलं की हात ६ कडेच जातो. अशा मुलाला काही दिवस "दोन दशक चार" असं सांगून लिहायला द्या आणि लिहून झालं की त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या.

दुसरी दोन मिनिटांची. कोऱ्या कागदावर नुसतं २४ × ६ आणि खाली नुसतं १४४ + १५ लिहून द्या, गोष्ट नाही काही नाही. दोन्ही बरोबर आली तर आकडेमोडीला हात लावू नका. हे मुद्दाम सांगते कारण शाब्दिक उदाहरण चुकलं की घरोघरी पहिला उपाय म्हणजे पाढे परत म्हणायला लावणं, आणि ज्याचे पाढे पक्के आहेत त्याला महिनाभर पाढे घोकायला लावून काय होणार, गणिताचा कंटाळा येईल आणि बिघाड होता तिथेच राहील. दोन्हीपैकी एक चुकलं तर खाली आकडेमोडीच्या भागात जा, मधलं तूर्त सोडा.

गोष्ट कळलीय का

आकडेमोड ठीक आहे तर आता वाचन. उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा, मग पुस्तक मिटा आणि एकही आकडा न वापरता काय चाललंय ते सांग म्हणा. "काही खोकी आहेत, सगळ्यात सारख्या पेन्सिली आहेत, थोड्या पेन्सिली बाहेर पण आहेत, सगळ्या मिळून किती ते काढायचंय." एवढं आलं की निम्मं काम झालं. मूल जर म्हणालं "चोवीस आहे आणि सहा आहे आणि पंधरा आहे" तर त्याने गोष्ट वाचलेली नाही, आकडे वेचलेत.

ही सवय किती खोल असते याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या संशोधकांनी लहान मुलांना विचारलं की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं. ती मुलं काही मंद नव्हती, गणिताच्या तासाला आकडे दिले की काहीतरी करून उत्तर द्यायचंच असतं एवढंच त्यांनी शिकून घेतलं होतं. म्हणून मी अधूनमधून मुद्दाम असं एखादं न सुटणारं उदाहरण देते, आणि ज्या दिवशी मूल म्हणतं "बाई, हे कळायला काही दिलंच नाहीये" त्या दिवशी मला खरंच बरं वाटतं.

गोष्ट सांगता येत नसेल तर आकडे बारीक करा. २ खोकी, प्रत्येकात ३ पेन्सिली, १ सुट्टी. जवळजवळ सगळी मुलं पटकन ७ म्हणतात. मग विचारा "कसे काढलेस?" आणि तो जे सांगेल, बे त्रिक सहा आणि एक सात, तेच शब्द तसेच ठेवून मोठे आकडे घाला. याने कळतं की अडचण समजण्यात नाही, मोठ्या आकड्यांनी तो बावचळतो. लहान आकड्यांनाही अडला तर मात्र शेवटचा भाग वाचा.

सगळ्यात उपयोगी तपासणी: आकड्याला नाव आहे का

मला विचाराल तर या बिघाडाचं मूळ दहातल्या सात-आठ मुलांत इथेच सापडतं. मुलाच्या डोक्यात आकडे नुसते असतात, ते कशाचे ते कुणी लावलेलंच नसतं. मग ६ आणि १५ मिळवायला काय हरकत, दोन्ही आकडेच तर आहेत.

तर करायचं एवढंच की वहीत एकही आकडा बिननावाचा ठेवायचा नाही. २४ पेन्सिली एका खोक्यात. ६ खोकी. १५ सुट्ट्या पेन्सिली. आणि मधलं उत्तर आलं की त्यालाही नाव, १४४ पेन्सिली खोक्यांतल्या. मुलं कुरकुर करतात, इतकं काय लिहायचं म्हणतात, तरी पहिले दोन आठवडे सोडू नका.

नावं लावली की दोन प्रश्न आपोआप विचारता येतात. मिळवायच्या आधी विचारायचं, दोन्हीची नावं एकच आहेत का? पेन्सिली अधिक पेन्सिली चालतं, खोकी अधिक पेन्सिली चालत नाही. या एका प्रश्नाने ४५ आणि ५०४ दोन्ही जागच्या जागी पकडले जातात. आणि गुणायच्या आधी विचारायचं, एकेकात किती आणि असे किती? "एकेका खोक्यात २४, अशी ६ खोकी" हे वाक्य नीट होतं. "एकेका खोक्यात १५, अशी ६ खोकी" म्हणून बघितलं की मूल स्वतःच म्हणतं, छे, त्या तर बाहेरच्या आहेत. झालं, ११४ गेलं. ३६६ पण याच प्रश्नात अडकतं.

एका मुलीने मला विचारलं होतं की ८ मुलगे आणि ७ मुली आपण मिळवतो मग तिथे नावं वेगळी कशी चालतात? फार चांगला प्रश्न होता तिचा. तिथे दोघांना मिळून एक नाव आहे, मुलं, आणि प्रश्नही मुलांबद्दलच विचारलेला असतो. खोकी आणि पेन्सिली मिळून "वस्तू" म्हणता येईल पण प्रश्न वस्तूंचा नाही, पेन्सिलींचा आहे. म्हणजे शेवटी प्रश्नात कुठलं नाव विचारलंय तिकडेच जायला लागतं.

१४४ वर थांबणाऱ्या मुलाला मात्र एवढ्याने पुरत नाही. त्याच्यासाठी काहीही सोडवायच्या आधी शेवटचं वाक्य लिहून घ्यायचं, जागा रिकामी ठेवून: "एकूण ____ पेन्सिली आहेत." मग १४४ आले की ते त्या रिकाम्या जागेत टाकायच्या आधी नाव वाचायचं. "खोक्यांतल्या पेन्सिली" आणि "एकूण पेन्सिली" हे एकच आहे का? नाही. म्हणजे अजून एक पायरी आहे. हे वाक्य आधी लिहायचं हे महत्त्वाचं, नंतर लिहिलं तर मूल जे उत्तर हातात असेल ते त्यात कोंबतं.

तरी अडलं तर चित्र

पेन्सिलींचं हुबेहूब चित्र नको, त्यात अर्धा तास जातो आणि गणित राहतं बाजूला. सहा चौकोन, प्रत्येकात २४ लिहायचं, शेजारी एक वेगळा चौकोन त्यात १५. बस.

चित्राचा खरा उपयोग "पट" आला की होतो. लहान डब्यात ३५ मणी आहेत, मोठ्या डब्यात त्याच्या ४ पट आहेत, दोन्ही मिळून किती? इथे १४० वर थांबणारी मुलं ढीगभर. लहान डब्यासाठी एक पट्टी काढा, मोठ्या डब्यासाठी तेवढ्याच लांबीच्या चार पट्ट्या काढा, मग मोजा किती पट्ट्या झाल्या, पाच. ३५ × ५ = १७५. किंवा १४० + ३५, तेही १७५, दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात हे मुलाला दिसलं पाहिजे. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून या पट्ट्यांच्या आकृत्या शिकवतात आणि माझ्या अनुभवात याच्याइतकं "पट" समजावणारं दुसरं काही नाही.

आणि "४ पट" आणि "४ ने जास्त" हे शेजारी शेजारी ठेवून दाखवाच. ४ ने जास्त असते तर मोठ्या डब्यात ३९ आणि दोन्ही मिळून ७४. एका शब्दाने १७५ चे ७४ होतात, त्यामुळे तो शब्द खाली रेघ मारून वाचायचा.

दोन गुणाकार असतील तेव्हापण चित्र काढा. हॉलमध्ये १८ रांगा, प्रत्येक रांगेत १२ खुर्च्या, गच्चीवर ७ रांगा, प्रत्येक रांगेत ९ खुर्च्या. २१६ आणि ६३, एकूण २७९. पण बरीच मुलं १८ आणि ७ मिळवून २५ करतात, १२ आणि ९ मिळवून २१ करतात आणि ५२५ खुर्च्या मांडतात. दोन वेगळे आयत काढले की दिसतं की हॉलच्या रांगा लांब आहेत आणि गच्चीवरच्या आखूड, त्या एकत्र करताच येत नाहीत.

शब्दांचे सापळे

"एकूण आलं की बेरीज" असं शिकवू नका. आपल्या पेन्सिलींच्या उदाहरणात एकूण आहे आणि गुणाकारही आहे. नुसतं "६ खोकी, प्रत्येकी २४, एकूण किती" यात तर एकूण असून बेरीज अजिबात नाही. "प्रत्येकी", "दर", "रोज", "एकेका" हे शब्द दिसले की गुणाकार असण्याची शक्यता आहे एवढंच धरा, पक्कं समजू नका, भागाकारातही हेच शब्द येतात.

दुसरा सापळा लपलेल्या आकड्यांचा. रोज ८ पानं असं ३ आठवडे वाचलं आणि शेवटच्या दिवशी ११ पानं जास्तीची वाचली. इथे ७ कुठेच लिहिलेला नाही, पण आठवडा म्हणजे ७ दिवस. २१ दिवस, १६८ पानं, आणि ११ मिळवून १७९. डझन, जोडी, महिना, तास हे शब्द आले की शेजारी आकडा लिहून ठेवायची सवय लावा.

मांडणी

मुलं एका ओळीत २४ × ६ = १४४ + १५ = १५९ असं लिहितात. उत्तर बरोबर आहे पण लिहिलेलं चूक आहे, कारण बरोबरच्या चिन्हाचा अर्थ दोन्ही बाजू सारख्या असा आहे आणि २४ × ६ काही १४४ + १५ एवढे नाहीत. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत. पुढे समीकरणं येतात तेव्हा ही सवय फार त्रास देते म्हणून आत्ताच मोडलेली बरी.

एकाच पदावलीत लिहायचं असेल तर कंचेभागुबेव लक्षात ठेवा, गुणाकार बेरजेच्या आधी. १५ + २४ × ६ साध्या कॅल्क्युलेटरवर ओळीने दाबलं तर बहुतेक वेळा २३४ येतं कारण तो येईल तसं करत जातो, सायंटिफिकवर १५९ येतं. कॅल्क्युलेटरने ताळा करताना पालकच इथे फसतात आणि मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरवतात.

आकडेमोडच बिघडली असेल तर

हातचा विसरत असेल तर हातच्यासाठी वर कायमची जागा आखून द्या आणि वापरला की त्यावर काट. घरं सरकत असतील तर चौकटीची वही, एका चौकटीत एकच अंक, एककाखाली एकक. यात समजावण्यासारखं फार नाही, हाताची सवय आहे, दहा-पंधरा दिवसांत बसते. पाढ्यांत ६, ७, ८, ९ चे मधले घरच जास्त चुकतात, तेवढेच वेगळे करून घ्या, सगळे पाढे नकोत.

ताळा मात्र शिकवा. आधी अंदाज, २४ म्हणजे साधारण २५, सहा वेळा १५०, आणि १५, म्हणजे १६५ च्या जरा खाली. ५०४ आलं तर लगेच कळायला हवं. मग नवाचा ताळा, मुलांना तो खूप आवडतो. ३७ × ८ + ४५ = ३४१ घ्या. ३७ च्या अंकांची बेरीज १०, त्याची १. १ × ८ = ८. ४५ चे ९, नवाच्या ताळ्यात ९ म्हणजे ०. ८ + ० = ८. आता उत्तर, ३ + ४ + १ = ८. जुळलं. पण ३१४ लिहिलं असतं तरी ८ च आलं असतं, म्हणजे अंकांची अदलाबदल हा ताळा पकडत नाही, आणि रीतच चुकली असेल तर तीही पकडत नाही. म्हणून अंदाज आधी, नवाचा ताळा नंतर.

थांबायचं कधी आणि कुणाकडे जायचं

त्या दिवसापुरतं थांबायचं तर खूण सोपी आहे, मूल "गुणू? मग मिळवू? मग वजा करू?" असं विचारत तुमचा चेहरा वाचायला लागलं किंवा डोळ्यांत पाणी आलं की वही मिटा. त्यापुढे शिकवलेलं काही आत जात नाही.

वरचं सगळं रोज पंधरा मिनिटं, तीन-चार आठवडे नीट करूनही फरक पडत नसेल तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, त्यांना वर्गातलं दिसतं ते आपल्याला घरी दिसत नाही. तुम्ही वाचून दाखवल्यावर उदाहरण पटकन सुटतं आणि स्वतः वाचल्यावर सुटतच नाही असं असेल तर अडचण गणिताची नसून वाचनाची असू शकते. पुस्तक डोळ्यांजवळ धरतं, ओळी गाळतं, फळ्यावरचं चुकीचं उतरवतं, तर पहिल्यांदा डोळे तपासून घ्या.

आणि आठ-नऊ वर्षांचं मूल २ खोकी ३ पेन्सिली याही उदाहरणाला अडत असेल, ३ + २ साठी दर वेळी पहिल्यापासून बोटं मोजत असेल, ४७ आणि ७४ मधला मोठा कुठला ते सांगायला चाचपडत असेल, काल पक्का झालेला पाढा आज कोरा असेल आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर घरी शिकवण्याचा जोर वाढवू नका. अध्ययन अक्षमता तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे न्या. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातली अध्ययन अक्षमता, आहे का नाही हे ते रीतसर चाचण्या घेऊन ठरवतात, तुम्ही-मी लक्षणं बघून नाही आणि मोबाइलवरच्या दहा प्रश्नांवरून तर मुळीच नाही. गणिताच्या दिवशी पोटात दुखणं, शाळेत जायला नको म्हणणं असं सुरू झालं असेल तर समुपदेशकांना भेटायला उशीर करू नका, पाढे नंतर करता येतील.

जाताना त्या वह्या बरोबर न्या, चुकलेली उत्तरं न पुसलेल्या. प्रत्येक पानावर तारीख आणि तुम्ही त्या दिवशी काय करून बघितलं ते एका ओळीत लिहिलेलं असेल तर तपासणाऱ्याचं बरंच काम हलकं होतं.